लाल गाडी कडेला उभी होती

खोडाळ्याच्या उतारावर ब्रेक जळल्याचा वास आला की मी अजून समोरची दांडी घट्ट धरते. त्या दिवशी डिझेल वाचवायला गणूमामा जीप न्यूट्रलमध्ये सोडून उतरत होता, नेहमीसारखाच. वळणावर ब्रेक लागलेच नाहीत. आम्हाला वाट द्यायला कडेला उभ्या असलेल्या लाल, बुटक्या गाडीवर जीप आदळली. मागं बसलेली मामी जागीच गेली.

"लई मातलेत हे गाडीवाले!" म्हणत लोकांनी त्या गाडीतल्या पोराला तुडवलं. रक्ताळल्या तोंडानं तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढं बसला होतात. सांगा ना."

मामा माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.

परवा मामाच्या दहाव्याला सगळे तेच सांगत होते, लाल गाडी भरधाव आली म्हणून. मी तेव्हाही हुंकार दिला.