दातवाल्या बाईंच्या तीन तालमी

दातवाल्या बाईंना कुणी ठोसा मारू शकेल असं त्यांच्या वर्गातल्या कुणालाच वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खुद्द बाईंनाही नव्हतं वाटत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगकाठी काटक, बोलणं मोजकं. दिवसा त्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायच्या. प्लास्टरचे साचे, मेणाचा वास, पॉलिशचं गरगरणारं चाक आणि खिडकीत वाळत ठेवलेले परक्यांचे जबडे. संध्याकाळी शाळेच्या सभागृहात कराटेचा वर्ग. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण जीभ शाबूत होती. आल्यागेल्याला त्या सांगत, "आमची सून दिवसा लोकांचे दात बसवते आणि संध्याकाळी पाडायला शिकवते. धंद्याला मरण नाही."

बाई कॉलेजात असल्यापासून एकाच गुरूंकडे कराटे शिकल्या होत्या. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. मोठ्या सरांच्या पद्धतीत लढत म्हणजे समोरासमोर उभं राहायचं, वाकून नमस्कार करायचा, आणि ठोसा समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. लागला तर गुण कापले जात. बाईंचा ठोसा विजेसारखा जायचा आणि खिळा ठोकल्यासारखा थांबायचा. वर्गातल्या मुली नुसत्या बघत राहायच्या.

त्या वर्गात औषधाच्या दुकानात काम करणारी एक जण होती. तिशीची, चटपटीत, कधी वर्ग न चुकवणारी. सगळे तिला औषधवाली म्हणत. पुढच्या परीक्षेत तिला काळा पट्टा मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. आणि एका सकाळी ती बाईंच्या कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ओठ सुजलेला, गाल निळा, वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला.

"डॉक्टरांनी माप घेतलंय," ती तोंडावर रुमाल धरून म्हणाली. "दात तुम्हीच करा, बाई."

बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "कुणी केलं हे?"

आदल्या संध्याकाळी ती घरी परतत होती. इमारतीच्या जिन्यात दिवा नव्हता. मागून कुणीतरी गळ्यात हात घातला आणि दुसऱ्या हातानं पर्स ओढली. ती पायऱ्यांवर पडली. तो गुडघा टेकून वर बसला आणि दोन ठोसे मारले. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं म्हणून पळाला.

"तू काय केलंस?"

"काही नाही. खरंच काही नाही, बाई. आपण समोरासमोर उभे राहतो ना? तो समोर नव्हताच. धरल्यावर काय करायचं ते मला माहीतच नव्हतं."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती बिचारी माफी मागितल्यासारखं बोलत होती.

बाईंनी तो दात स्वतः केला. रंग जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. घरी भाजी चिरताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, माणूस सरळ. तो म्हणाला, "तू का जिवाला लावून घेतेस? तू काही तिला मारलं नाहीस."

"मी तिला सांगितलं होतं, हे शिकलीस की कुणाला घाबरायला नको. सांगितलं होतं की नाही?"

नवऱ्यानं कांदा पुढे सरकवला.

दोन गल्ल्या पलीकडे, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर बॉक्सिंगचा आखाडा होता. तिथल्या कोचसाठी बाई दातांवर बसवायची रबरी कवचं बनवून द्यायच्या, त्यामुळे ओळख जुनी. या खेपेला त्यांनी स्वतःच्या दातांचं कवचही बनवलं आणि ते घेऊन कोचसमोर उभ्या राहिल्या. "मला कुणाशी तरी लढू द्या. थांबवून नको, खरं."

कोचनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एका हलक्या वजनाच्या मुलीला हाक मारली. ती हॉस्पिटलात नर्स होती, बाईंपेक्षा वयानं निम्मी. कोच म्हणाला, "लाथाही चालतील, पण जपून."

सुरुवात झकास झाली. मुलगी पुढे आली तशी बाईंची सरळ लाथ तिच्या पोटाशी लागली आणि ती दोन पावलं मागे गेली. मग बाईंनी झेप घेऊन ठोसा दिला, तोही लागला. आणि बाई थांबल्या. वर्षानुवर्षांची सवय! आता पंच हात वर करणार, गुण देणार. इथे कोण पंच? मुलीचा पहिला ठोसा बाईंच्या कपाळावर, दुसरा नाकावर, तिसरा डोळ्याखाली. मारायचं ती थांबेचना. बाई दोरखंडाला टेकल्या तेव्हा नाकातून रक्त येत होतं.

कोचनं बर्फ आणून दिला. "तुमची लाथ भारी आहे. तिच्यामुळे मुलीला तुमच्याजवळ येताच येत नव्हतं. तुमचा हातही सुंदर जातो, बाई. पण परत कुठे जातो?"

"कमरेशी."

"आणि तोंड कोण सांभाळतं?"

बाई नाकावर बर्फ धरून हसल्या. मार खाऊन हसू येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

डोळा चांगला काळानिळा झाला. पण त्याचा त्रास झाला नवऱ्याला. इमारतीतले लोक त्याच्याकडे बघून बोलायचे थांबायला लागले. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी तर त्याला जिन्यात गाठून "बायकोशी नीट वागावं माणसानं" असं सुनावलं. तो घरी येऊन करवादला, "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! एकदा सगळ्यांना सांग तरी, की या घरात घाबरून कोण राहतं!" सासूबाईंना अर्धंच ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "घाबरतोस कशाला? ती तुला मारायची नाही, स्वयंपाक कोण करेल मग?" बाईंच्या घरी रात्रीचा स्वयंपाक नवराच करायचा.

धरण्याचा प्रश्न मात्र बॉक्सिंगनं सुटला नाही. बाईंनी कोचला विचारलं, तर तो मोकळेपणानं म्हणाला, "आमच्यात मिठी मारली की पंच सोडवतो. धरणाऱ्याचं शास्त्र ज्युडोवाल्यांकडे."

ज्युडो शिकवायचे एक निवृत्त टपालवाले काका, पोहण्याच्या तलावामागच्या खोलीत. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. बाईंना वाटलं, यांना माझी एक लाथ पुरे. काकांनी त्यांच्या जाकिटाची कॉलर धरली, कंबर वळवली, आणि बाईंना छत दिसलं. मग पुन्हा छत. लाथ मारायला जागाच उरत नव्हती. पुढे कितीतरी दिवस काकांनी त्यांना फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, हात चटईवर आपटायचा, डोकं उचललेलं. "रस्त्यावर ठोशानं माणूस फारसा मोडत नाही, बाई. जमिनीवर डोकं आपटलं की मोडतो."

एकदा काकांनी कॉलर धरलेली असताना बाईंचा हात सवयीनं सुटला आणि मूठ काकांच्या नाकापुढे येऊन थांबली. काका मूठ निरखत राहिले. "हे आमच्यात नाही. असतं तर मी असा बिनघोर जवळ आलो असतो का?"

"मग जिन्यात कुणी धरलं तर फेकू त्याला?"

"छे! जिन्यात फेकाल तर त्याच्याबरोबर तुम्हीही गडगडाल. हात सोडवा, पायावर राहा आणि पळा. पळण्याला आमच्याकडे गुण नाहीत, म्हणून आम्ही ते शिकवत नाही."

बाईंनी वर्ग बदलायला घेतला. कराटेची जुनी आवर्तनं ठेवली, लाथा ठेवल्या, अंतर राखणं ठेवलं. त्यात पडणं घातलं, हात गालाशी परत आणणं घातलं, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्या जिन्यात, नेहमीच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी लावून सराव.

ही बातमी मोठ्या सरांपर्यंत जायला वेळ लागला नाही. परीक्षेच्या दिवशी ते आले, सराव पाहिला आणि बाईंना बाजूला घेतलं.

"ही भेसळ कशाला? कराटे अपुरं नाही. तू अपुरी पडलीस."

"पडले, सर. पण मग अपुऱ्या माणसानं कुणाकडे तरी शिकायला जायचं नाही का?"

"माझ्याकडे यायचं होतं."

ज्यांनी बाईंना उभं राहायला शिकवलं त्या माणसाला, तुमच्याकडे हे नव्हतं, असं तोंडावर कसं म्हणायचं? त्यांनी वाकून नमस्कार केला. मोठे सर परीक्षा न घेता निघून गेले. त्यांच्या संस्थेची पाटी सभागृहाच्या दारावरून उतरली. पट्ट्यांसाठी येणारी निम्मी मुलं दुसऱ्या वर्गाला गेली. त्या आठवड्यात बाईंना झोप नीट लागली नाही.

औषधवाली इतके दिवस बाकावर बसून नुसती बघायची. पाटी उतरल्यानंतरच्या एका संध्याकाळी ती उठली. मागून धरायचं काम बाईंच्या नवऱ्याकडे होतं, त्याचं जाड कामाचं जाकीट घालून. त्यानं गळ्यात हात घातला मात्र, ती ताठरली आणि मटकन पायरीवर बसून रडायला लागली. तो बिचारा हात मागे घेऊन भिंतीला चिकटला. "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही," तो बाईंना म्हणाला.

बाई औषधवालीजवळ बसल्या. "राहू दे आज."

तिनं नाक पुसलं. "नाही. परत धरा. मी सांगेपर्यंत धरत राहा."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिनं हनुवटी त्याच्या कोपरात खुपसली, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढला, वजन टाकून वळली आणि तळहात त्याच्या जबड्याखाली हाणला. थांबवला नाही. एकापाठोपाठ तीन दिले. मग जिना उतरून फाटकापर्यंत पळत गेली आणि तिथून ओरडली, "लागलं का हो?"

लागलं होतं. मनगट मुरगळलं, जीभ दाताखाली आली, आणि लिफ्टच्या कामावर त्याला दोन दिवस रजा टाकावी लागली. खालच्या म्हाताऱ्या बाईंना त्यानं पट्टी बांधलेला हात मुद्दाम दाखवला.

चोर काही सापडला नाही. औषधवालीच्या जिन्यात दिवा बसला, तरी ती अजून वर जाण्याआधी खाली उभी राहून कानोसा घेते, आणि बाई तिला त्यावरून हसत नाहीत. वर्गाचा पहिला भाग आता तीच घेते. नवीन आलेलं कुणीतरी हटकून विचारतं, कराटे चांगलं, बॉक्सिंग चांगलं की ज्युडो? बाई विचारतात, "कुठे? गुणांसाठी की जिन्यात?" आणि चटया टाकायला लावतात. मोठ्या सरांना त्या दर काही महिन्यांनी फोन करतात. ते तब्येतीचं बोलतात, वर्गाचं विचारत नाहीत. रविवारी बाई गॅरेजवरच्या आखाड्यात जातात, त्या नर्सच्या हातचा मार खातात. आता बराचसा हातांवर झेलतात.