तापलेला प्लग

"प्लग कुणी काढला?" मी ओरडत होतो. माझा आवाज महूच्या छावणीपर्यंत पोचला असणार, कारण तिकडे जवान सावधान उभे राहिल्याचं मला स्पष्ट जाणवलं.

समोर आमचा लाल रशियन ट्रॅक्टर. वयाने माझ्याहून मोठा, हट्टात आबांच्या बरोबरीचा. बटण दाबून सुरू होणं त्याच्या खानदानात नाही. मोठ्या डिझेल इंजिनाच्या कुशीला एक छोटं पेट्रोल इंजिन. त्याच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढायची, ते पेटलं की ते मोठ्याला फिरवून जागं करणार. पण हे धाकटं महाबेरकी. एका थंडीत मी दोनशे वेळा ओढलं होतं. शेवटी शर्टाची बाही खांद्यापासून सुटून दोरीबरोबर गेली, इंजिन खोकलंसुद्धा नाही.

त्या सकाळी मात्र मला जिंकायचंच होतं. आबा, आमचे वडील, शेतीतून अंग काढून घेत होते. ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं होतं, "आज हा ज्या हाताने सुरू होईल, ट्रॅक्टर त्या हाताचा." लहानपणापासून मला जगात दुसरं काही नको होतं. शहरात राजेंद्र नगरच्या माझ्या घरासमोर तो कुठे लावायचा, हेसुद्धा मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं.

जिंकणार याची खात्री होती, कारण माझ्याकडे गुपित होतं. मल्हारगंजातल्या एका बोळात एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून ते गुपित काढायला मी तीन वर्षं दर रविवारी पोहे-जलेबी वाहिली. इतकी जलेबी, की तिच्या पाकात ट्रॅक्टर बुडाला असता. अखेर एकदा त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, माझा हात लोखंड पकडायच्या आपल्या शिकंज्यावर ठेवला आणि शपथ घालून कानात सांगितलं: छोट्या इंजिनाचा प्लग काढायचा, चुलीवर चटका बसेल इतका तापवायचा, गरम गरम बसवायचा आणि एकच झटका. "भिया, फक्त तुम्हालाच सांगतोय. सख्ख्या भावालाही नाही." माझे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून शेतावर गेलो की मी "देवाला नमस्कार करून येतो" म्हणून प्लग खिशात घालून स्वयंपाकघरात शिरायचो. घरच्यांना मी फार धार्मिक झालोय असं वाटायचं. माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्याही हातून ट्रॅक्टर कधीमधी सुरू व्हायचा, ते मी नशिबावर घालायचो. दादाला फक्त तहान फार. दोरीला हात लावण्याआधी पाणी प्यायला आत जायचाच.

आणि आज माझ्या पाळीला प्लगच जागेवर नाही.

पाय आपटत आत गेलो. दादा गॅससमोर वाकून, सांडशीत प्लग धरून, ज्योतीवर असा फिरवत होता, जणू वांगं भाजतोय. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"शपथ आहे."

"शिकंज्यावर हात ठेवून?"

दादाचं तोंड उतरलं. त्याने कचोरी वाहिली होती, चार वर्षं. मला क्षणभर कळेना, राग कुणाचा यावा: मिस्त्रींचा, की इतकी वर्षं खोटी तहान लागणाऱ्या दादाचा. तो माझ्या देवधर्माबद्दल बोलला, मी त्याच्या तांब्याबद्दल बोललो, मग दोघं एकदम बोलायला लागलो.

तेवढ्यात ताई आली. आमची मोठी बहीण, जन्मभर शेतावर आबांजवळ राहिलेली. तिने दादाच्या हातून सांडशी घेतली आणि बाहेर गेली. आम्ही भांडतच राहिलो. मग फट्, फट्, फट्, आणि मागोमाग मोठ्या इंजिनाचा असा गडगडाट, की फडताळातले कप नाचले.

एका झटक्यात. आम्ही बाहेर आलो तेव्हा ताई दोरी गुंडाळून ठेवत होती, आणि आबा तिच्याकडे पाहून मान हलवत होते, जणू रोजचंच काम. आबांचा उजवा हात कैक वर्षं खांद्यापर्यंत जात नाही. मग आम्ही शहरात असताना आठवडाभर हा ट्रॅक्टर सुरू कोण करतं, हा प्रश्न आम्हा दोघा दिग्गजांना कधी पडला नव्हता.

मी तसाच मोटरसायकलवर बसलो आणि थेट मल्हारगंज गाठलं. रस्ताभर भाषण तयार केलं, दगाबाज हा शब्द तीन ठिकाणी घातला. दुकानात मिस्त्री एक पान्हा पुसत होते. मी सगळं भाषण केलं. मला सांगितलं, दादाला सांगितलं, आणि ताईलाही तुम्हीच सांगितलं, म्हटलं. तिने काय खिलवलं होतं, तेवढं तरी कळू द्या.

त्यांनी पान्हा खिळ्याला अडकवला.

"नाही भिया," ते म्हणाले, "मला ते ताईंनीच शिकवलं."