ओट्यावरची सुनावणी

नानांचा फोन आला की मी तो नानांच्याच आवाजात उचलायचो. घसा जरा खरवडायचा, शेवटचा शब्द लांबवायचा, आणि म्हणायचं, "नानाच बोलतोय, तुम्ही कोन?" पलीकडून नाना म्हणायचे, "मंग मी कोन हाय रे गाढवा?" आणि मग कामाचं बोलायचे. त्या सकाळी मी नाशिक रोडला मोबाईलचं दुकान उघडत होतो. शटर अर्धं वर, एक हात शटरला, आणि स्क्रीनवर नाना. उचलला. "नानाच बोलतोय, तुम्ही कोन?"  पलीकडून आक्काचा आवाज आला, नानांच्या मुलीचा. म्हणाली, "परत बोल." मला वाटलं चेष्टा चाललीय. परत बोललो, जरा जास्तच रंगवून. मग ती म्हणाली, "नाना गेले रे. झोपेतच गेले..."

महिना होऊन गेला त्याला. तेव्हापासून हा आवाज मी कोणासमोर काढलेला नाही. बाकी सगळे चालू आहेत. दुकानात गिऱ्हाइकांचे काढतो, लग्नात माइक मिळाला की सरपंचांचा काढतो, गणपतीत आरतीला बेसूर ओरडणाऱ्या गुरुजींचा काढतो. शाळेत असताना याच कलेपायी वर्गाबाहेर उभा असायचो. नाना माझे चुलत चुलते. ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए टेप, हिकडं ये. तलाठी लाव." की मी तलाठी लावायचो. ते ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "तलाठी येवढा गोड नाय बोलत. परत लाव."

आमचं गाव देवळाली कॅम्पच्या पलीकडं. तिकडं तोफांचा सराव चालू झाला की आमच्या घरातली भांडी वाजतात. पाहुणे दचकतात, आम्ही चहा पितो. गावाचं वरचं शिवार आणि खालचं शिवार असे दोन भाग. आम्ही आणि नाना खालचे. पाटाचं पाणी आमच्यापर्यंत येतं ते एका चारीतून. चारी म्हणजे मातीची उघडी नाली, पोरगं उडी मारून पार जाईल एवढी. पण ती जाते वरच्यांच्या शेतांतून. नानांच्या वडलांच्या काळात वरच्यांनी तेवढी पट्टी सोडली, बांधावर नारळ फोडला, आणि एकच अट ठरली. चारी साफ करायची ती खालच्यांनी, आणि सुरुवात करायची वरून. म्हणजे आपल्या शेतापासून चारीचा जो भाग सगळ्यात लांब, तो आधी. दिवाळी झाली की दर घरातून एक जण फावडं घेऊन वर जायचा. नाना सगळ्यांच्या पुढं. कोणी कंबर धरून उभा राहिला की म्हणायचे, "का रं, फोटो काढायचाय का?"

कागद मात्र कोणी केला नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. नारळ फोडल्यावर वर कागद मागायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणण्यासारखं. त्यामुळं आमच्या भल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची नाली घासूनपुसून साफ ठेवली, आणि ती नकाशावर आहे का, हे एकदाही बघितलं नाही.

मग वरचं शिवार विकलं गेलं. एका वर्षात नाही, एकेक करत. शेवटी भाऊसाहेबांचंही गेलं. भाऊसाहेब म्हणजे नानांचे शाळेपासूनचे दोस्त, आणि चारीचा सगळ्यात लांब तुकडा त्यांच्याच रानातून. तिथं मोठा बोर्ड लागला. बोर्डावर उंच उंच इमारती, आणि बाल्कनीत कप घेऊन उभी असलेली एक बाई खालची हिरवळ बघतीय. नानांनी बोर्ड नीट निरखला आणि मला म्हणाले, "टेप, ती बाई आपले टमाटे बघती. तिला सांग, पानी बंद केलंस तर काय बघशील?"

पाणी बंद झालंच. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग कुंपणाच्या आत चारीत मुरूम पडला, आणि त्याच्या थोडं पुढं नमुना फ्लॅट उभा राहिला. पुढच्या आवर्तनाला पाटाला पाणी सुटलं. ते चारीनं आलं, मुरुमाला अडलं, तुंबलं, आणि शांतपणे नमुना फ्लॅटच्या हॉलमध्ये जाऊन बसलं. साइटचा मॅनेजर आमच्यावर ओरडत आला. "पाणी कोणी सोडलं?" नाना म्हणाले, "साहेब, कोणीच नाय सोडलं. ते दर आवर्तनाला हितनंच जातं. मधी तुम्ही आले." मॅनेजरनं नकाशा उलगडला. "दाखवा. यात कुठंय चारी?" नानांनी नकाशा बघितला, मग फ्लॅटमधून बाहेर येणारं पाणी बघितलं. म्हणाले, "मंग हे पानीबी नसंल. फरशी कशाला पुसायला लावली?"

आम्ही पोट धरून हसलो. हा मॅनेजर मी नंतर किती ठिकाणी करून दाखवला. पण त्यांनी मुरूम काढला नाही, वाढवला. खालच्या टोमॅटोला टँकर आणावा लागला. आणि इमारतींच्या आराखड्याला मंजुरी मिळायच्या आत चारीची नोंद झाली नाही तर ती कायमची गेली, हे आम्हाला तेव्हा कळलं. हसणं तिथंच संपलं.

तहसील कचेरीत हरकत घेतली, तिथल्या साहेबांपुढं सुनावणी व्हायची होती. हरकतीला साक्षीदार पाहिजे, म्हणून नाना भाऊसाहेबांकडे गेले. मी बरोबर होतो. चहा झाला. नाना म्हणाले, "येवढंच सांग, चारी होती." भाऊसाहेब बशीतला चहा हलवत बसले. "नाना, मी लिहून दिलंय त्यास्नी. जमिनीवर कोनाचा हक्क नाय म्हणून."
"आरं, पन होती का नव्हती?"
"होती की. तुला माहीत, मला माहीत."
"मंग?"
"मंग काय... तुला मला माहीत असून भागतं का?"

नाना उठले. बाहेर आल्यावर मला वाटलं आता शिव्या देतील.  घरी येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "टेप, साहेब लाव."

नानांची अडचण अशी होती की त्यांना थोडक्यात बोलता यायचं नाही. चारी म्हटली की वडील, वडील म्हटले की नारळ, नारळ म्हटला की तो कोणी आणला होता आणि तो नासका कसा निघाला नाही. तिथं एवढं कोण ऐकणार? म्हणून मी साहेब व्हायचो. खुर्ची घ्यायचो, पेन उघडबंद करायचो, नाकातून म्हणायचो, "मुद्द्यावर या, मुद्द्यावर या." नाना खाली उभे. हात जोडून नाही, हात पाठीमागं. "साहेब, माझे वडील..." "वडील राहू द्या." "बरं. साहेब, नारळ..." "नारळ राहू द्या." कॅम्पाकडं तोफा चालू असल्या की नाना म्हणायचे, "त्यांचा सराव चाललाय, आपलाबी चालू दे." आक्का दारात धान्य निवडत हसायची. हळूहळू नानांचं बोलणं घासत घासत एवढंसं झालं. "साहेब, पानी येत होतं. येवढं लिहा. बाकी नंतर बघू." हे म्हणताना त्यांचा आवाज कधी चढला नाही.

हे वाक्य त्यांना कचेरीत एकदाही म्हणता आलं नाही. पहिल्या सुनावणीला साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी दौऱ्यावर. तिसऱ्या वेळी साहेबांची बदली, नवीन यायचे होते. एकदा तर सगळं होतं, साहेबही होते म्हणे, पण फाईल वर गेलेली. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगितलं नाही. नाना धुतलेला सदरा घालून दिवसभर बाकावर. दुपारी डबा तिथंच. बिल्डरचा वकील यायचा, आत डोकावायचा, पुढची तारीख घेऊन गाडीत बसायचा. त्याची घाई नव्हती. इमारतींचे खड्डे खणणं चालूच होतं. माझा संताप व्हायचा. शेवटच्या खेपेला बसमध्ये मी काहीबाही बडबडत होतो. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "तू करतो ना, तोच साहेब बरा. त्यो निदान ऐकतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आक्काचा तो फोन. डॉक्टर म्हणाले हृदय. मला अजून वाटतं, बाकावर बसून बसून... पण ते राहू द्या, मुद्द्यावर येतो.

दशक्रियेला भाऊसाहेब सगळ्यांच्या आधी आले. कडेला उभे राहिले.  त्यांचा आवाज मला चांगला येतो, तरी नाही काढला.

मागच्या आठवड्यात पुन्हा तारीख होती. आक्का आणि मी गेलो. आणि त्या दिवशी साहेब होते. खरोखर खुर्चीत बसलेले. शिपायानं नानांचं नाव पुकारलं. आक्का म्हणाली, "वारले." साहेबांनी वर बघितलं नाही. कारकून म्हणाला, "मग आधी वारस म्हणून नाव लावून आणा. आज ऐकता नाही यायचं." आक्का म्हणाली, "एकच वाक्य हाय." कारकून म्हणाला, "पुढच्या तारखेला." साहेब मोबाईलवर काहीतरी सरकवत होते. मागं वकिलानं तारीख लिहूनसुद्धा घेतली.

काल संध्याकाळी आक्कानं हाक मारली. ओट्यावर नानांची जागा तशीच आहे, भिंतीला पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेली. तिथं कोणी बसत नाही. ती खाली उभी राहिली, हात पाठीमागं बांधून. "साहेब हो," म्हणाली. मी खुर्ची ओढली, पेन काढलं, घसा साफ केला. "बोला," म्हटलं.

आक्कानं मान हलवली. "असा नको," म्हणाली. "हा नानांचा साहेब झाला. येवढा ऐकनारा नको करू. त्या दिवशी होता तसा कर."

मी पेन खाली ठेवलं. मोबाईल काढला आणि मान घालून बघत बसलो. कॅम्पाकडून एक तोफ वाजली, आत भांडी हलली.

"साहेब," आक्का म्हणाली, "पानी येत होतं."

मी वर बघितलं नाही. तिनं परत म्हटलं, जरा मोठ्यानं.