विमलबाईंच्या वहीतली वयं

ही गोष्ट सांगायची मी सहा-सात वर्षं टाळत आलो. माझ्या निवृत्तीच्या सत्काराला बालवाडीच्या विमलबाई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, तेव्हाही टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. आता सांगतोय, तर ज्यांना आधी सांगायला हवी होती त्या ऐकायला नाहीत. महिन्यापूर्वी सकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. गिरणीवाला अशोक माझाच विद्यार्थी. त्यानं पट्टा थांबवला आणि हात पुसत म्हणाला, "गुरुजी, तुमाला कळलं न्हाई का? बालवाडीच्या बाईंना पहाटं नगरला नेलं हुतं. वाटंतच वारल्या." मी म्हणालो, असं कसं होईल, काल संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर पाहिलं, हातात कागदाची गुंडाळी होती, माझ्याकडे बघून हसल्या. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. बाई चाळिशीच्या जेमतेम पुढे होत्या. मी दळणाचा डबा तिथंच ठेवून घरी आलो आणि ओट्यावर किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... आता कुणाला सांगायचं?

घोडेगावच्या पलीकडे आमचं लहानसं गाव. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत, आणि तिच्याच पडवीत बालवाडी. मी मुख्याध्यापक होतो. विमलबाई गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, लग्न होऊन आलेल्या. नवरा भास्कर साखर कारखान्यात कामाला. बाहेरून परीक्षा देत देत त्या बी.ए. झाल्या होत्या. बालवाडी लागली तेव्हा गावातल्या काही घरांनी आपली पोरं पाठवायला वर्षभर घेतलं. बाईंनी कुणाच्या दारात जाऊन विनवण्या केल्या नाहीत. पडवीत आठ-दहा पोरं घेऊन त्या इतक्या रंगून खेळायच्या, की कुंपणाबाहेर उभी राहिलेली पोरं आपणहून आत शिरली, आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया आल्या.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. बाईंनी बालशिक्षणातल्या वरच्या पदवीसाठी पत्रद्वारा शिकवणाऱ्या एका विद्यापीठात नाव घातलं. पुस्तकं पोस्टानं यायची, उत्तरं लिहून पोस्टानं पाठवायची आणि दर रविवारी पहिल्या एसटीनं नगरला अभ्यासकेंद्रावर जायचं. एसटीतल्या बाया चेष्टा करायच्या ते त्या मला हसत हसत सांगायच्या. एकीनं विचारलं, "बाई, या वयात कसली वो परीक्षा?" ह्या म्हणाल्या, "पोरं कशी खेळतात त्याची." त्यावर ती म्हणाली, "मग आमच्या सासूला बसवा, ती पोरात पोर हाय." भास्करचंही तेच. भाकरी करपली की तो म्हणायचा, आज कोणता धडा चालू होता? पण रविवारी पहाटे सायकलवरून तोच त्यांना स्टँडवर सोडायचा.

पदवीसाठी एक प्रकल्प करायचा होता. स्वतःच्या बालवाडीतल्या मुलांचं दोन वर्षं निरीक्षण करून लिहायचं. बाईंनी विषय घेतला तो आमच्या पोरांचा बाजाराचा खेळ. घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यानं पाहिलाय त्याला माहीत आहे, तिथले दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. आमची पोरं बापाबरोबर बाजारात जायची आणि दुसऱ्या दिवशी पडवीत तेच खेळायची. एक पोर बैल व्हायचं, दोन पोरं फडक्याखाली हात घालायची. आम्हाला तो दंगा वाटायचा. बाई मात्र कोपऱ्यात बसून वहीत टिपायच्या. तीन वर्षांचं मूल नुसता हात धरतं आणि हसतं. चारचं झालं की समोरच्यानं दाबली तेवढीच बोटं परत दाबतं. त्याच्यापुढे सहा महिन्यांत ते एखादं बोट कमी करून पाहतं, म्हणजे घासाघीस करतं. एकदा समोरच्यानं तीन बोटं दाबली तेव्हा दत्तू नावाच्या पोरानं एक वाढवून चार दाबली, तर बाई वही घेऊन माझ्या वर्गात धावत आल्या होत्या. "गुरुजी, ह्याला अजून अंक म्हणता येत नाहीत, पण मोजता येतं." मी मान हलवली. त्यात एवढं काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं की सगळं त्या वयावरच होतं.

आणि वयांचाच घोळ मी करून ठेवला होता. आमच्या काळच्या मास्तरांना हे सांगायला नको. आईबापांना तारीख माहीत नसायची, म्हणून सर्रास एक जून लिहायची, आणि पट कमी पडत असला तर साल मागे सरकवायचं. पट घसरला की शाळेचा एक शिक्षक कमी होत असे. बाईंचा प्रकल्प चालू असतानाच, एका जूनमध्ये मी बालवाडीतली अकरा मुलं पहिलीच्या पटावर घेतली. चारची पोरं कागदावर साडेपाचची केली. बसायची ती पडवीत बाईंपुढेच, हजेरी लागायची माझ्या वहीत. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा त्या म्हणाल्या, "माझी पोरं तुमच्या वहीत एका दिवसात मोठी झाली की वो, गुरुजी." मी म्हणालो, "कागदावर झाली, आता खरंच होतील." आम्ही दोघंही हसलो होतो.

प्रकल्प गेला. काही आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र माझ्या नावावर आलं. सोबत प्रकल्पातल्या मुलांची यादी, नेमकी तीच अकरा, बाईंनी लिहिलेली वयं, आणि विचारणा, की शाळेच्या नोंदीप्रमाणे या मुलांच्या जन्मतारखा कळवाव्यात. पडताळणीचा भाग होता, त्यात संशय असा नव्हता. मी ते पत्र दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. बाई पडवीत गाणं घेत होत्या, ते मला आत ऐकू येत होतं. त्यांना बोलावून विचारता आलं असतं. नोंद चुकीची आहे, असं लिहिता आलं असतं. पण त्याच महिन्यात आमची तपासणी होती. खोटा पट उघडा पडला असता तर माझी इतक्या वर्षांची नोकरी... मी रजिस्टरातल्या तारखा उतरवून दिल्या. इथवर एक वेळ ठीक म्हणू. पण खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं: "सदर मुले इयत्ता पहिलीत शिकत असून बालवाडीत नाहीत." हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझा पट पक्का दिसावा म्हणून मी ते आपण होऊन लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

मला पुढं अनेकदा प्रश्न पडला, की बाई दुसऱ्या एखाद्या घरच्या असत्या, पाटलांची सून असत्या, तर मी ते वाक्य लिहिलं असतं का? नसतं लिहिलं, असं वाटतं. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं किती दिवस लिहायचं.

प्रकल्प बनावट ठरवून परत आला. मुलंच खोटी, वयंही खोटी, असा शेरा होता. बाईंनी पडवीत उभं राहून पाकीट फोडलं, वाचलं आणि माझ्या दाराशी येऊन एवढंच म्हणाल्या, "नापास झाले, गुरुजी." मी म्हणालो, विद्यापीठांचं असंच असतं, मनावर घेऊ नका. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि पोरांकडे परत गेल्या. त्यांना काही माहीत नाही, असं समजून मी इतकी वर्षं जगलो. त्या माझ्या नातीला शिकवायच्या, संक्रांतीला घरी यायच्या, बायकोशी तासभर बोलायच्या. माझ्याशी बेतानं बोलायच्या, पण त्यांचा स्वभावच तसा असेल, असं मी मनाला सांगितलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे बाईंच्या दिवसांच्या विधीला, मी त्यांच्या घरी गेलो. लोक पांगल्यावर भास्करनं मला थांबवून घेतलं. पेटीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझंच अक्षर, माझीच सही. विद्यापीठानं नापासाच्या निकालासोबत माझ्या पत्राची झेरॉक्स लावली होती. त्या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची एक रेघ होती. मी भिंत धरून खाली बसलो.

"म्हणजे बाईंना पहिल्यापासून..."

"पहिल्या दिसापासून," भास्कर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मी म्हनलं, तालुक्याला जाऊ, अर्ज करू. ती नको म्हनली. पट खोटा निघाला तर एक मास्तर जाईल, म्हनली, आन उद्या माझीच पोरं त्या वर्गात बसनार हायेत."

मी म्हणालो, मग मला एका शब्दानं तरी...

"ती म्हनायची, गुरुजी येतील. त्यांनी विषय काढला की मी बोलंन. चूक माझी न्हाई, तर मी का जाऊ?" पेटी बंद करत तो म्हणाला, "तुमी यायचा, गुरुजी. येऊन दुसरंच काय तरी बोलून जायचा. घरी येऊन सांगायची ती मला, आज बी न्हाई बोलले."

यंदा त्यांनी पुन्हा फॉर्म भरला होता, हेही मला तिथंच कळलं. नवी मुलं, नवी वही, निम्मी लिहून झालेली. या वेळी प्रत्येक जन्म सुइणीला आणि आयांना विचारून लिहिलेला. शाळेच्या रजिस्टराला त्यांनी हात लावला नव्हता.

म्हणून इथं सगळ्यांसमक्ष लिहितो. विमलबाईंच्या पहिल्या वहीतल्या अकरा मुलांची वयं खरी होती. ती मुलं त्यांच्याच बालवाडीत होती. खोटं माझं रजिस्टर होतं आणि खोटं माझं पत्र. विद्यापीठालाही मी हेच कळवलं आहे. त्याचा आता काय उपयोग, ते मला विचारू नका.

भास्कर म्हणाला ते खरं आहे, मी जात होतो. निवृत्तीच्या आधीची एक दुपार मला विसरता येत नाही. घरून वाक्य ठरवून निघालो होतो, वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पडवीच्या पायरीवर मी उभा राहिलो. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी सगळ्या पोरांना चिंचेखाली खेळायला पाठवून दिलं. सतरंजी झटकली, माझ्यासाठी पसरली आणि समोर मांडी घालून बसल्या. हातातली वही मिटून बाजूला ठेवली. "बोला, गुरुजी," म्हणाल्या. अगदी हळू, लहान पोराला धीर द्यावा तशा. मी बसलो. बाहेर पोरं ओरडत होती. बाई वाट बघत होत्या.

मी म्हणालो, "बाई, तुमच्याकडे दोन-चार खडू जास्तीचे आहेत का?"

त्या उठल्या आणि अख्खी पेटी माझ्या हातात दिली.