या महिन्यातले आवाज

“कळवलं होतं ना मी?” असं म्हणून बाई चष्मा नाकावरून कपाळावर ढकलायच्या आणि समोरच्याच्या तोंडचं भांडण तोंडातच राहायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चूक त्यांची की आपली हे ठरायच्या आत आपणच ओशाळून “बसा ना, चहा घ्या” म्हणून मोकळे होतो.

मी मूळचा भांडखोर माणूस. नाही कशाला म्हणू? सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे भांडण तोंडी करायची सवय नाही. ते लेखी करायचं, तीन प्रतींत. निवृत्त झालो, नौपाड्यातली भाड्याची जागा सोडली आणि कोपरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. शांतपणे पेपर वाचू, दुपारी तासभर लवंडू, असा साधा बेत होता. आमच्या गॅलरीखालीच शाळा आहे हे घर बघताना लक्षात आलं नव्हतं. घर बघितलं मे महिन्यात!

चार खोल्या, वर पत्रे, पहिली ते चौथी. शाळेला मैदान नाही. शाळा आणि आमची इमारत यांच्यामध्ये सोसायटीच्या मालकीची एक लांबट मोकळी पट्टी आहे. शाळेच्या भिंतीला बारकं फाटक. मधली सुट्टी झाली की त्या फाटकातून सव्वाशे मुलं पट्टीत सांडायची. सोसायटीच्या जुन्या अध्यक्षांनी कधीतरी “खेळू देत हो” म्हटलं होतं, तेवढ्यावर चाललेलं. कागद काही नव्हता.

जून उजाडला आणि माझी दुपारची झोप गेली. मी सोसायटीकडे तीन पानी तक्रारअर्ज केला. सेक्रेटरींनी त्याची एक प्रत शाळेला धाडली. दुसऱ्याच दिवशी पाच वाजता दारात एक ठेंगण्या, हातात पिशवी घेतलेल्या, पन्नाशीच्या बाई उभ्या. शाळेच्या मुख्याध्यापिका.

“हा अर्ज आपण लिहिलात?”

“मीच,” मी छाती काढून म्हणालो.

“किती सुरेख लिहिलाय हो काका! एक खाडाखोड नाही, मुद्दे ओळीने. चौथीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवू का?”

आता यावर माणसाने काय करावं? आतून आमची ही फिसकन हसली. बाई आत येऊन बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “आवाज काही मला बंद करता यायचा नाही. मुलं आहेत. पण आधी कळवता येईल. कळवलं तर चालेल ना?”

मी म्हणालो, कळवा. म्हटलं, चार दिवस कळवतील आणि विसरतील.

एक तारखेला बेल वाजली. दारात दोन वेण्यांच्या दोन मुली. “आजोबा, बाईंनी दिलंय,” म्हणून त्यांनी एक कागद हातात ठेवला आणि जिन्यावरून धडाधड उतरल्या. आजोबा! बाई मला काका म्हणत, मग ही पोरं आजोबाच म्हणणार, पण पहिल्यांदा ऐकताना झोंबलं. कागद जुन्या प्रश्नपत्रिकेचा, पाठीमागची कोरी बाजू वापरलेली. वर मथळा: ‘या महिन्यातले आवाज’. खाली मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘ति. आजोबांना सा. न. या महिन्यात पुढील आवाज होतील. सोमवारी व गुरुवारी पाढे. शनिवारी कवायत, शिट्टी आहे. पाऊस आला की पत्रे वाजतील, ते आमच्याकडे नाही. बाईंचा आवाज रोज.’

शेवटच्या ओळीला मी मोठ्याने हसलो. कारण ते अगदी खरं होतं. सव्वाशे मुलांत सगळ्यांत मोठा आवाज बाईंचाच. “दुसरी, रांगेत!” असं त्या ओरडल्या की कोपऱ्यावरचे रिक्षावालेसुद्धा सरळ उभे राहत.

मग हे दर महिन्याचंच झालं. ऑगस्टमध्ये संचलनाचा सराव, ‘ढोल एकच आहे, काळजी नसावी.’ गणपतीच्या महिन्यात, ‘निम्मी मुले गावी जातील, आवाज निम्मा.’ परीक्षेच्या महिन्यात, ‘आवाज नाही, फक्त पालकांचा.’ दिवाळीच्या सुट्टीचं पत्र तर एका ओळीचं होतं, ‘आवाज नाही, तुम्हाला करमणार नाही.’ आणि खरंच करमलं नाही हो. मी तीन आठवडे नुसता खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत करत होतो. ही म्हणाली, “जा, खाली जाऊन तुम्हीच पाढे म्हणा.”

हाडाचा हेडक्लार्क, त्यामुळे लाल पेन हातात आलंच. मी पत्रं तपासून परत पाठवायला लागलो. कुठे मायना चुकलेला, कुठे तारीखच नाही. बाई ती फळ्याशेजारी टाचायच्या आणि सगळ्या वर्गाकडून दुरुस्ती करून घ्यायच्या. एकदा मी विचारलं, “ही पत्रं मलाच का? सेक्रेटरींना द्या की.”

बाई म्हणाल्या, “काका, चौथीला पत्रलेखन असतं. पुस्तकात काय, तर मामाला पत्र लिहा, सुट्टीत येतो म्हणून. आता आमच्यात कुणाला मामा नाही, कुणाचा मामा बोलत नाही, कुणाचा पलीकडच्याच गल्लीत राहतो. खोटं पत्र लिहायला मुलांना लाज वाटते. तुम्ही खरे आहात. तुमच्याकडून उत्तर येतं.”

मला आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ काही म्हटलं, पण ‘तुम्ही खरे आहात’ असं कुणी म्हटलं नव्हतं. मी आपला चहा ढवळत राहिलो.

एका डिसेंबरातली गंमत सांगतो. पत्रात लिहिलेलं, ‘गुरुवारी सकाळी आठ वाजता लेझीम.’ मी साडेसातपासून दाढी वगैरे आटपून गॅलरीत. आठ वाजले, सव्वाआठ, साडेआठ. एक झांज वाजेल तर शपथ. माझं डोकं सणकलं. कागद घेतला, लिहिलं: ‘विषय : कळवल्याप्रमाणे आवाज न झाल्याबाबत.’ दोन पानं झाली. स्वतः जाऊन देऊन आलो. लेझमी ठेवलेल्या कपाटाची किल्ली खडवलीला बाईंच्या घरी राहिली होती, एवढंच कारण. बाईंनी माझा अर्ज प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मोठ्याने वाचला, मुलांकडून लेखी माफी मागवली आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास लेझीम झालं. मजल्यामजल्यावरून लोक माझ्या नावाने खडे फोडत होते.

खडवलीहून रोज येणाऱ्या त्या बाईंच्या पिशवीत कायम काहीतरी असायचं. परसातल्या शेवग्याच्या शेंगा, अळूची पानं, कधी पेरू. हिच्याकडे देताना म्हणायच्या, “काकू, उपकार नाहीत, जास्तीचं आहे.” मग दोघी स्वयंपाकघरात बसून जे काही बोलायच्या त्यात माझं नाव आणि हसणं एवढंच मला बाहेर ऐकू यायचं.

आणि त्या पट्टीत नुसता खेळ नसायचा बरं का. दर महिन्याच्या एक तारखेला भर दुपारी बारा वाजता मुलं आमच्या इमारतीची सावली खडूने आखायची. पावलांनी मोजायची, वहीत लिहायची. डिसेंबरात सावली लांब, मे जवळ आला की जवळजवळ गायब. असं का, हे मुलांनीच भांडून शोधून काढायचं. बाई सांगायच्या नाहीत. मी गॅलरीतून उत्तर ओरडलो तर वर बघून दटावायच्या, “काका, तुमचा नंबर आला की सांगा.” मला साठी उलटल्यावर सावलीचं ते गणित पहिल्यांदा नीट कळलं.

अशी सहा वर्षं गेली. इमारतीतल्या गाड्या मात्र वाढत गेल्या. शेवटी सेक्रेटरींनी ठराव आणला: मधल्या पट्टीत पेव्हर ब्लॉक बसवायचे, पार्किंग करायचं, शाळेचं फाटक बंद. रविवारी गच्चीवर सभा, हात वर करून मतदान.

शनिवारी मी शाळेत गेलो. मुलं सुटली होती. बाई चौथीच्या वर्गात एका बाकावर बसून हजेरीपट लिहीत होत्या.

“उद्या सभेला या,” मी म्हटलं. “तुम्ही बोललात की कोण नाही म्हणेल?”

“मी सभासद नाही, काका. कुठल्या तोंडाने येऊ?” त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. “पुढच्या मेमध्ये मी रिटायर होते. पट्टी गेली तर मुलं वर्गात कोंडली जातील. आईबाप पहिला प्रश्न विचारतात, ग्राउंड आहे का? नाही म्हटलं की नाव काढून नेतात. दोन-तीन वर्षांत ही शाळा उठेल. मी काय करू शकते, सांगा.”

एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला. “बघतो,” एवढंच म्हणून मी निघालो.

रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी तरुण, हुशार, आयटीवाला पोरगा. त्याने ठराव वाचला आणि वर म्हणाला, “मी पर्सनली शाळेच्या अगेन्स्ट नाहीये. पण आवाजाचा त्रास आहे, आणि तसा रेकॉर्ड आहे. पहिली तक्रार आपल्या काकांचीच आलेली.” आणि त्याने फाइलमधून माझा अर्ज काढून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला!

काय सांगू तुम्हाला. अर्ज उत्तम होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मुलांच्या आवाजाने वृद्धांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम, एक ते सात. माझं अक्षर, माझे मुद्दे, आणि मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेला. मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

मी उठलो. मुलांबद्दल, पत्रांबद्दल, सावलीबद्दल जे सुचेल ते बोलत सुटलो. लोक ऐकत होते. तेवढ्यात सेक्रेटरी नम्रपणे म्हणाला, “सॉरी काका, पण फ्लॅट काकूंच्या नावावर आहे. तुम्ही सभासद नाही. नियमाने तुम्हाला सभेत बोलता येत नाही.”

गच्चीभर हशा. बाईमाणसाच्या नावावर घर घेतलं की नोंदणीत सवलत मिळते, म्हणून ते मीच हिच्या नावावर केलेलं. मी खाली बसलो. बसलो आणि माझ्यातला हेडक्लार्क खडबडून जागा झाला. पुन्हा उठलो.

“नियमानेच चालायचं ना? मग तो अर्ज बिगरसभासदाचा आहे. आवक वहीत चढलाच कसा? तो बाद करा. बाद केल्याचं इतिवृत्तात लिहा. आणि मग सांगा, आवाजाबद्दल सभासदाची एक तरी तक्रार फाइलला आहे का?”

सेक्रेटरीने फाइल चाळली. मागून पुढे, पुढून मागे. एकही नव्हती. बाकीचे नुसते तोंडी बडबडणारे. लिहायचा कंटाळा सगळ्यांना.

तेव्हा आमची ही उभी राहिली. सभेत ती कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, “मी सभासद आहे. मला दुपारी झोप लागत नाही ती यांच्या घोरण्यामुळे. मुलांचा मला त्रास नाही. हे लिहून घ्या.”

लोक हसत हसतच हात वर करायला लागले. पार्किंगचा ठराव पडला. वर नवा ठराव झाला, की शाळेच्या वेळात पट्टी मुलांना राहील. लेखी, सही-शिक्क्यानिशी.

सोमवारी मी त्याची प्रत बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. पदराने डोळे पुसले, मग माझ्यासमोर चक्क हात जोडले. मी म्हटलं, “अहो, काय करताय, तक्रार माझीच होती.” त्या हसल्या आणि लगेच खिडकीतून ओरडल्या, “तिसरी! कोण ढकलतंय?”

बाई रिटायर होऊन आता दोन वर्षं झाली. खडवलीला असतात, हिला फोन येतो, मला निरोप असतो. नव्या बाई चांगल्या आहेत. त्या महिन्याचा कार्यक्रम मोबाइलवर पाठवतात. टाइप केलेला असतो, त्यात तपासायला काही नसतं. मला बाईंची फार आठवण येते.

डोळ्यांसमोर राहिलाय तो त्यांचा शेवटचा दिवस. निकाल लागला, मुलं घरी गेली, शाळा रिकामी. फाटकातून बाई एकट्याच पट्टीत आल्या. इकडेतिकडे पाहिलं, खडूने जमिनीवर घरं आखली, पदर खोचला, ठिकरी टाकली आणि लंगडी घालायला लागल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी! तिसऱ्या घरात तोल गेला, तशा वर बघून ओरडल्या, “काकू, या की खाली! एकटीने काय खेळायचं?”

ही वाळलेले कपडे काढत होती. कपडे माझ्या अंगावर टाकले, गुडघ्याला पट्टा बांधला आणि गेली की खाली. पाच मिनिटांत दोघी भिंतीला टेकून अशा काही हसत होत्या की कबुतरं उडाली.

वरच्या मजल्यावर सेक्रेटरीची खिडकी उघडली. “कोण आहे खाली? काय आवाज लावलाय?”

मी गॅलरीतून वर मान करून ठणकावून सांगितलं, “सभासद आहेत! दोघीही!”