न फुटलेला बाऊल

सेनिहाकाकू गेल्याचा फोन मिर्यानाने केला, हेच मला आधी खरं वाटेना. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावी, आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या आवारात या दोघी समोरासमोरच्या इमारतींत राहायच्या आणि इतक्या वर्षांत एकीने दुसरीचा उंबरा ओलांडलेला नव्हता. "सात वाजता तिच्या खिडकीचे ब्लाइंड्स उघडले नाहीत," मिर्याना म्हणाली. "साडेसातपर्यंत वाट पाहिली, मग मॅनेजरला बोलावलं."

२००१च्या हिवाळ्यात मी नवऱ्यामागोमाग ओहायोत आले. नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही, दिवसभर भिंतींशी बोलायचं. खालच्या मजल्यावरच्या सेनिहाकाकूंनी तिसऱ्याच दिवशी दार वाजवलं आणि बटाट्याचं सारण भरलेली गरमागरम गुंडाळी ताटलीत घालून पुढे केली. ताटली परत करताना मी त्यात शंकरपाळे घातले. रिकामं भांडं परत करायचं नसतं, असं सांगितलं तर काकू खळखळून हसल्या. "आमच्याकडेसुद्धा नसतं!" तेव्हापासून ती ताटली जिना चढत-उतरतच राहिली.

रोज सकाळी सातला काकू आणि मिर्याना आपापले ब्लाइंड्स उघडायच्या आणि एकमेकींना हात करायच्या. लाँड्रीचं दार एकमेकींसाठी धरून ठेवायच्या, बर्फ पडला की जी आधी उतरेल ती दोन्ही गाड्यांच्या काचा खरवडायची. गुड मॉर्निंग, थँक यू, हॅव अ नाइस डे. मला वाटायचं, अगं बाई, काय गोड मैत्री! मग एकदा दोघी आपापल्या फोनवर लेकींना रागावताना कानावर आल्या, तर भाषा एकच. दोघीही बोस्नियाच्या, युद्धामुळे घरदार सोडून आलेल्या. काकू मुसलमान, मिर्याना ख्रिस्ती सर्ब. मग आपसात इंग्रजी कशाला? नवरा म्हणाला, "तू यात पडू नकोस हं." मी कसली ऐकतेय!

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात मिर्यानाने मला निळ्या काठाच्या काचेच्या बाऊलमधून शिजवलेले गहू आणून दिले, साखर आणि अक्रोड घातलेले. त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस होता, म्हणजे प्रसादच म्हणा ना. नेमकी माझी एकादशी, धान्य चालेना. देवाचं अन्न ठेवून शिळं करायचं जिवावर आलं. आपल्याकडे दिवाळीत नाही का, इकडचं ताट तिकडे जातंच! तोच बाऊल उचलला आणि खाली काकूंच्या हातात दिला. वर मोठ्या कौतुकाने सांगितलं, "मिर्यानाने केलंय, खाऊन तर बघा."

काकूंनी बाऊल टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. त्यांच्या गावातली शेजारीणही दरवर्षी हेच गहू द्यायची म्हणे. युद्धात सर्ब सैनिकांनी काकूंच्या नवऱ्याला घरातून ओढून नेलं, तेव्हा ती शेजारीण खिडकीत उभी होती. तिने हळूच पडदा ओढून घेतला. नवरा परत आला नाही.

"पण काकू, ती म्हणजे मिर्याना नव्हे ना?"

"नाही. म्हणून तर गुड मॉर्निंग म्हणते. तेवढं मला जमतं. तू तेवढंच राहू दे."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पुढचे तीन दिवस काकूंचे ब्लाइंड्स बंद. समोर मिर्याना सातला हात वर करायची आणि तसाच खाली घ्यायची, ते मला वरून दिसायचं. त्यांनी एवढ्या कष्टाने जपलेलं मी बावळटाने मोडून टाकलं होतं. चौथ्या दिवशी खालचे ब्लाइंड्स खडखडत उघडले, समोर मिर्यानाचा हात वरच राहून हलला, आणि मी चक्क रडले. पण बाऊल काकूंकडे मागायची माझी छाती झाली नाही. मिर्यानाने विचारलं तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले, "सॉरी, फुटला गं." दुकानातून नवा आणून दिला, तोही केक घालून.

पुढे आम्ही घर घेऊन दोन मैलांवर गेलो. येणं-जाणं राहिलं, त्या बाऊलचं नाव मात्र काकूंनी काढलं नाही, आणि मीही नाही.

दफनानंतर काकूंची लेक आम्रा घर आवरत होती, मी मदतीला गेले. वरच्या फळीवरून तिने तो निळ्या काठाचा बाऊल काढला. लख्ख होता. "हा कोणाचा ते आईने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "दर हिवाळ्यात काढायची, धुवायची, पुसायची, थोडा वेळ टेबलावर ठेवायची. मग परत फळीवर." मी तो तिच्या हातून घेतला. रिकामा परत करता येत नव्हता, आणि भरायला हात धजत नव्हता... पाच वर्षं!

मी बाऊल घेऊन आवार ओलांडलं. मिर्यानाने दार उघडलं, बाऊल पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिने खाल्लं का?"

हो म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच बाऊलवरून तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं कसं बोलू?

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. बाऊल आत नेला आणि खिडकीत ठेवला, काकूंच्या बंद ब्लाइंड्सच्या समोर. परवा गेले होते तेव्हाही तो तिथेच होता, रिकामा.