डाव्या बाजूच्या तीन शिवणी

माझ्या अक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, छातीत इम्प्लांट बसवून घेतले होते. का, ते विचारायचं नाही. तिची छाती, तिची मर्जी, विषय संपला. काही वर्षांनी ते आत दगडासारखे घट्ट झाले, दुखायला लागले, म्हणून तिने काढून टाकले. आमच्या घरात मात्र बसवणं आणि काढणं, दोन्ही ‘अक्काचं पोटाचं ऑपरेशन’ या नावाने खपलं.

काढल्यावर काही महिन्यांनी डाव्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. ज्याने इम्प्लांट काढले होते, त्याच सर्जनकडे अक्का जयलक्ष्मीपुरमला गेली. त्याने दोन बोटांनी दाबलं. "आतला व्रण आहे. काढल्यावर असं लागतंच." ना मॅमोग्राफी, ना सोनोग्राफी. आई म्हणाली, "अय्यो, काढून टाकलं ना? आता कसली भीती? सुम्मे बस." सुम्मे म्हणजे गप्प. आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा कन्नड शब्द.

अक्का गप्प बसली. बोगादीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिचा स्वतःचा मापाचा ब्लाउज डावीकडे ओढायला लागला, तेव्हा तिने शिवण उसवली आणि जरा सैल केली. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. मग आणखी एकदा. मला हे कळलं ते तिसऱ्या वेळेनंतर, तिच्याकडूनच, सहज बोलता बोलता.

"तीनदा?" मी ओरडलेच. "आणि उजवीकडे?"

"उजवीकडे बरोबर बसतंय की. कापड आटलं असेल गं."

"एकाच बाजूने आटतं कापड?"

शिंप्याच्या पोरी आम्ही. दुसरी कुणी घाबरली असती. आम्ही अंग तसंच ठेवून ब्लाउज दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. सर्जनने तेच सुरू केलं, "व्रणाची गाठ..." मी पिशवीतून ब्लाउज काढला, उलटा केला आणि त्याच्या टेबलावर पसरला. डाव्या बाजूला उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी. उजवी बाजू कोरी.

"व्रण असा वाढत जातो का, डॉक्टर?"

"तुम्ही कोण?"

"बहीण. बायकांना स्तनाच्या कॅन्सरची माहितीपत्रकं वाटते."

त्याने ब्लाउज निरखून पाहिला. अक्काला त्याने एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मग चिठ्ठी लिहिली: मॅमोग्राफी, सोनोग्राफी, गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी. तपासणीच्या फॉर्मवर ‘आधीचं ऑपरेशन’ या रकान्यात आई ‘पोटाचं’ लिहायला निघाली होती. मी पेन हिसकावून घेतलं आणि खरं ते लिहिलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नाही बोलली तर नाही!

सुईची गरज पडली. व्रण होता, ते खोटं नव्हतं. त्याच्या शेजारी कॅन्सर होता. बाईच्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही, तिच्या ब्लाउजच्या भोकांना आहे, हे मी अजून गिळू शकलेले नाही.

केमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुकानात गेले. अक्का जुन्या कागदातून ब्लाउजचं माप कापत होती. कागद माझाच होता. माझंच पत्रक, माझीच ठळक अक्षरं: ‘गाठ लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा!’

"वाचलं होतंस हे?"

"वाचलं की. दाखवलं पण." तिने कात्री थांबवली नाही. "डॉक्टरने नीट बघितलंच नाही तर काय करायचं, ते कुठं लिहिलंयस?"